हवालदारांनी उडते यंत्र परत आणिले त्याची हकिकत

वाचणारांनी आधी चष्मा पुसावा, मग मोबाइल पालथा घालावा, आणि मग सावध व्हावे. पुढील मजकुरात तख्त उलथत नाही, किल्ला पडत नाही, हत्ती तर एकही नाही. परंतु आकाशाच्या बंदोबस्ताचे काम जमिनीवरील पोलिसांच्या गळ्यात पडले असता त्यांनी ते कोणत्या शर्थीने निभाविले, आणि त्यात एका बापाची तीन तासांची दौलत बुडता बुडता कशी वाचली, हे लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही म्हणोन आम्ही लेखणी उचलिली. आधार म्हणाल तर ठाण्याची रोजची डायरी, दोघा पंचांच्या जबान्या, आणि हवालदारांच्या कुटुंबाची तोंडी कैफियत. पैकी डायरीवर चहा सांडला आहे, पंच एकमेकांविरुद्ध बोलतात, आणि कुटुंबाने जे पाहिले ते सांगितले व जे पाहिले नाही ते अधिक तपशिलाने सांगितले. तिन्हींची तोंडमिळवणी करून जे उरले तेच येथे लिहिले आहे.

तर मुलूख ऐसा. शहराच्या पूर्वेस विमानतळ, विमानतळास दोन पुरुष उंचीची भिंत, भिंतीवर काटेरी तार, आणि भिंतीच्या अलीकडे पाठीला पाठ लावून पोलीस ठाणे. ठाण्याच्या अंगणात उभे राहिले असता विमानाचे पोट दिसे आणि आतील लोकांनी पट्टे बांधले असावेत ऐसा अंदाज येई. ठाण्याचे अधिपती ठाणेदार साहेब, नियमावलीचे अभिमानी, अंगाने स्थूल, आवाजाने त्याहून स्थूल. त्यांजकडे वरून सनद आली होती, ती ऐशी, की हल्ली लोक जे चार पंख्यांचे उडते यंत्र बाळगितात, ज्यास ड्रोन म्हणतात, ते कोणी विमानतळाच्या आसपास सोडील तर पोलिसांनी त्या उडविणारास शोधावे, नाव पुसावे, परवाना मागावा, यंत्र खाली उतरविण्याचा हुकूम द्यावा आणि यंत्र जप्त करावे; परंतु यंत्रावर गोळी झाडू नये, दगड मारू नये, आणि विमान आकाशात असता टॉवरला पुसल्यावाचून कोणतेही शहाणपण करू नये. ऐसे अधिकार पाच आणि जबाबदाऱ्या एकोणतीस. साहेबांनी ती सनद चौकटीत घालून भिंतीस लाविली, आणि रोज सकाळी तिजवरची धूळ जातीनिशी फुंकीत.

त्या ठाण्यात जप्त मालाच्या कोठीचे दरकदार एक हवालदार होते. सव्वीस वर्षांची चाकरी, डोईवर केस मोजके, आणि नोंदीविषयी भक्ती ऐशी की लोक त्यांस नोंदबहाद्दर म्हणत. जप्त मालाच्या वहीस पाच रकाने. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात कोणापासून, तिसऱ्यात रंग व ओरखडे, चौथ्यात चालू की बंद, पाचव्यात सही. अन्य ठाण्यांत चौथा रकाना अंदाजाने भरीत, परंतु नोंदबहाद्दरांचा दंडक ऐसा की स्वहस्ते चालवून पाहिल्याविना चौथ्या रकान्यात अक्षर पडणे नाही. म्हणोन चोरीचा मिक्सर आला असता त्यांनी तो रिकामा फिरवून पाहिला, आणि शिवणयंत्र आले असता रुमालास चार टाके घातले, आणि व्यायामशाळेतून चालण्याचे यंत्र आले असता गणवेशानिशी त्यावर चढून पाऊण कोस चालले व जेथे होते तेथेच पोहोचले. एकदा कर्णा आला, तोही वाजविला. त्या दिवशी ठाण्यातील दोघांनी बदलीचे अर्ज दिले.

आता कलहाचे मूळ. ठाण्यासमोरील सात मजली इमारतीचे सेक्रेटरी म्हणोन एक निवृत्त गृहस्थ होते, कृश, दमेकरी, स्वाभिमानी. गच्चीवरील पाण्याची टाकी रोज भरून वाहे, आणि रोज कोणी एक जिना चढून कॉक बंद करी, आणि त्या कोणी एकाचे नाव बहुतकरून सेक्रेटरी असे. जावयाने त्यांस ड्रोन आणून दिले. मग ते खाली बाकावर बसून यंत्र वर पाठवीत, टाकीत डोकावीत, आणि पाणी काठास आले की तिसऱ्या मजल्यावरील माणसास हाक मारीत. ही राजनीती चार दिवस चालली. पाचवे दिवशी साहेबांनी खिडकीतून पाहिले, सनद आठविली, आणि सेक्रेटरी, यंत्र व यंत्रास हाकणारा रिमोट ऐसे तिन्ही ठाण्यात आणिले. सेक्रेटरींस समज देऊन सोडिले आणि यंत्र व रिमोट कोठीत ठेविले. वहीत तीन रकाने भरले. चौथा राहिला, कारण बॅटरी उतरली होती. नोंदबहाद्दरांनी ती भिंतीच्या खटक्यास लाविली आणि पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली, कारण अर्धपोटी वस्तूची परीक्षा घेणे त्यांस न्यायाचे वाटेना.

आता नोंदबहाद्दरांचे घरचे वर्तमान सांगणे जरूर आहे. त्यांस एकुलती एक लेक. ती दूर देशी प्रयोगशाळेत नोकरीस असे आणि दोन वर्षांत घरी आली नव्हती. कारण पुसाल तर रजा नव्हती हे अर्धे कारण, आणि अर्धे कारण बाप. नोंदबहाद्दर तिला दिवसास आठ वेळ फोन करीत. जेवलीस काय, पोचलीस काय, दाराला कडी लाविलीस काय, गॅस बंद केलास काय, आणि ती काही बोलू लागे तोवर उत्तरे मिळाली म्हणोन फोन ठेवीत. होता होता लेकीने फोन उचलणे रविवारावर आणिले. मग ऐसे घडले की कामानिमित्त एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना तिचे विमान याच शहरात उतरणार आणि साडेतीनला दुसरे उडणार. बारा दहा ते साडेतीन. त्यात उतरण्याचे, चढण्याचे व रांगेत उभे राहण्याचे वजा जाता तीन तास. दोन वर्षांच्या बदल्यात तीन तास, परंतु नोंदबहाद्दरांनी ते तीन तास महिनाभर आधी कॅलेंडरात तांबड्या शाईने कोरिले होते.

तो दिवस उगवला. अकरा वाजता हवालदारांचे कुटुंब नवी चप्पल घालून, दोन डबे घेऊन ठाण्यात दाखल जाहले आणि बाकावर बसले. साहेबांनी मेहरबान होऊन बारापासून सुटी मंजूर केली, विमानतळाच्या दारापर्यंत जीपही दिली, फक्त एवढे फर्माविले की सेक्रेटरी यंत्र सोडवून नेण्याचा अर्ज घेऊन आले आहेत, तर जाण्यापूर्वी वहीचा चौथा रकाना पुरा करावा.

कुटुंब म्हणाले, "आल्यावर करा ना. पळून चाललंय का ते?"

हवालदार म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे."

ठाण्याच्या इतिहासात जितके अनर्थ जाहले त्या सर्वांचा उगम या वाक्यात सापडतो.

मग नित्याचे दोन पंच पाचारिले. समोरचा झेरॉक्सवाला आणि कोपऱ्यावरचा किल्लीवाला. या उभयतांनी आजवर चारशेवर पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या आणि गुन्हेगारांहून अधिक वेळ ठाण्यात काढिला होता. अंगणात खडूने चौकोन आखिला, चौकोनात यंत्र ठेविले, आणि नोंदबहाद्दरांनी रिमोट हाती घेऊन यंत्राची कळ दाबिली. यंत्राने तीन वेळ चिवचिव केली, दिवे हिरवे जाहले. सेक्रेटरी काही बोलू गेले तो साहेबांनी अडविले, की आपण या प्रकरणी पक्षकार आहा, पुसल्यावाचून बोलणे नाही. सेक्रेटरींस राग आला आणि त्यांनी ओठ मिटले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दिवे लागले म्हणजे यंत्र चालू, ऐसे कोणीही लिहिले असते. परंतु नोंदबहाद्दर म्हणाले की दिवा तर विजेरीसही लागतो, पंखे फिरले पाहिजेत. आणि रिमोटचे दोन दांडे आतील बाजूस दाबिले तो पंखे फिरले. आणि नोंदबहाद्दर म्हणाले की फिरतात खरे, पण उचलतात काय. आणि डावा दांडा अंगठ्याने किंचित वर लोटिला, तो यंत्र धुरळा उडवून उठले, किल्लीवाल्याची टोपी नेली, ठाण्याचे छप्पर ओलांडिले आणि आकाशात जाऊन स्थिर जाहले.

झेरॉक्सवाला म्हणाला, "चालू आहे."

नोंदबहाद्दरांनी ते उतरविण्यासाठी उजवा दांडा ओढावा तो यंत्र दूर जावे, मागे लोटावा तो बाजूस जावे. ऐसे तीन वेळ करिता यंत्र काटेरी तारेवरून पार होऊन धावपट्टीच्या टोकाशी, जेथून विमाने उतरणीस लागतात, नेमके त्या वाटेवर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही अंगठे उचलले आणि हात ऐसे धरिले, जैसे तान्हे मूल प्रथमच हाती आलेल्या माणसाने धरावे.

तो ठाण्यातील फोन वाजला. फोन उचलणे त्यांचेच काम, म्हणोन डाव्या हाती रिमोट धरून उजव्या हाताने उचलिला. पलीकडे टॉवरवरील बाई होत्या.

"धावपट्टीच्या टोकाला ड्रोन आहे. तुमची हद्द आहे. बारा दहाचं विमान मी वरच फिरवत ठेवतेय."

नोंदबहाद्दरांनी सवयीने कोपरानेच डायरी ओढिली. "वेळ किती म्हणालात?"

"अकरा अठ्ठावन्न. लिहीत बसू नका हो."

"कोण उडवतंय, काही अंदाज?"

"ते शोधणं तुमचं काम आहे."

नोंदबहाद्दरांनी हातातील रिमोटकडे पाहिले. ते असत्य लिहिणाऱ्यांपैकी नव्हते. म्हणाले, "सापडलाय."

"एवढ्यात?" बाई म्हणाल्या. "शाबास." आणि पुढे बोलल्या की विमानात फिरत राहण्यापुरते इंधन साडेबारापर्यंत आहे, तोवर आकाश मोकळे न जाहले तर ते दोनशे कोसांवरील दुसऱ्या शहरी उतरेल, आणि तेथून प्रवासी ज्याच्या त्याच्या पुढच्या विमानाने परस्पर जातील.

कुटुंबाने बाकावरून हे सर्व ऐकिले. हातातले डबे खाली ठेविले नाहीत. एवढेच पुसले, "अहो, म्हणजे ती इथे उतरणारच नाही?"

यावर साहेबांनी नियमावली उघडिली.

नियमावलीत लिहिले होते की प्रथम उडविणारास गाठावे व त्याची ओळख पटवावी. साहेब तीन पावले चालून नोंदबहाद्दरांसमोर उभे राहिले.

"नाव?"

"साहेब, अकरा वर्षं तुमच्या हाताखाली आहे."

"नाव सांगा. इथे तसं लिहिलंय."

नाव सांगितले, लिहिले. परवाना मागितला, नव्हता. ओळखपत्र मागितले, ते पोलिसाचेच निघाले. मग साहेबांनी मोठ्या आवाजाने फर्मान काढिले, की अमुक कलमान्वये तुम्हांस हुकूम करण्यात येतो, यंत्र तत्काळ खाली आणावे. नोंदबहाद्दरांनी टाच जुळवून सलाम केला आणि अर्ज केला की हुकूम शिरसावंद्य, परंतु कसा पाळावा हे कळत नाही.

कोणी शहाणा म्हणेल की सेक्रेटरी समोर उभे होते, रिमोट त्यांच्या हाती का दिला नाही? ही मसलत जाहली. परंतु साहेब म्हणाले की ज्यास उडविल्याबद्दल धरिले त्याचेच हाती जप्त माल देऊन पुन्हा उडवू द्यावे तर ठाणेच गुन्ह्यात सामील होईल, सबब वरून लेखी परवानगी आणावी. आणि सेक्रेटरी म्हणाले, "मी हात लावणार नाही. परवा लावला तर समज मिळाली, आज लावला तर कोठडी मिळेल." आणि वरच्या कचेरीस फोन केला तो तेथून आवाज आला की आपण रांगेत चौथे आहात.

मग कूच करण्याचे ठरले. यंत्राच्या खाली जाऊन उभे राहावे, म्हणजे कायद्याचा धाक जवळून पडेल, ऐसा साहेबांचा विचार. जीप निघाली. पुढे साहेब, मांडीवर नियमावली. मागे नोंदबहाद्दर, दोन्ही हाती रिमोट, अंगठे आकाशाकडे. शेजारी कुटुंब डब्यांसह, कारण तिने जीपमधून उतरण्यास साफ नकार दिला. जीप विमानतळास जाणार म्हणोन ठरले होते आणि ती विमानतळास गेल्याविना उतरणार नव्हती. सेक्रेटरी, कारण पक्षकार नजरेआड करणे नाही. पंच, कारण जे घडेल त्यास साक्षी पाहिजेत. आणि चार शिपाई व्हॉलीबॉलचे जाळे धरून मागल्या फळीवर, कारण साहेबांचे मते यंत्र पडलेच तर जमिनीवर पडू नये. एका शिपायाने बंदूक आणू काय म्हणोन पुसले. साहेबांनी त्याजकडे ऐसे पाहिले की तो जाळ्याची गाठ सोडवू लागला, जी मुळात सुटलेलीच होती.

भिंतीच्या वळणावर, धावपट्टीच्या टोकासमोर, रस्त्याच्या कडेस फौज उतरली. वर यंत्र माशीसारखे गुणगुणत होते, आणि त्याच्या फार वर, ढगांच्या कडेने, एक विमान सावकाश घिरट्या घालीत होते. कुटुंबाने मान वर केली आणि ती पुन्हा खाली केली नाही.

साहेबांनी ध्वनिवर्धक हाती घेतला आणि हुकूम पुकारिला, "वर असणाऱ्याने ताबडतोब खाली यावं. हा शेवटचा इशारा आहे."

यंत्र हलले नाही. परंतु शेजारच्या इमारतीस रंग देणारा एक रंगारी दोरावर चौथ्या मजल्याशी लोंबकळत होता, तो झरझर खाली उतरला, ब्रश खाली ठेविला आणि हात वर करून साहेबांसमोर उभा राहिला. म्हणाला, "मालकांनी सांगितलं म्हणून पिवळा मारला साहेब, मला पण हिरवाच बरा वाटत होता." साहेबांनी त्यास तंबी दिली व परत पाठविले; पण तो गेला नाही, पुढे काय होते ते पाहू लागला.

बारा वाजून अठरा मिनिटे जाहली. शिपायांनी जाळे ताणून यंत्राच्या खाली धरिले. यंत्र दीडशे हात वर आणि जाळे चार हात. किल्लीवाल्याने मत दिले की जाळे मोठे पाहिजे. झेरॉक्सवाला म्हणाला की यंत्र लहान पाहिजे. साहेबांच्या मोबाइलवर टॉवरवरील बाईंचा पुन्हा फोन आला, तो त्यांनी नोंदबहाद्दरांच्या कानास लाविला; बाई म्हणाल्या की बारा मिनिटे उरली, पकडलेला माणूस काय म्हणतो? नोंदबहाद्दरांनी उत्तर दिले, "माणूस सहकार्य करतोय. त्याला येत नाहीये."

दांड्यास स्पर्श जाहला तर यंत्र विमानाच्या वाटेत आणखी आत जाईल, आणि रिमोट हातून सुटला तर यंत्र कोणाच्या डोकीवर कोसळेल, ऐसे त्यांस दोन्हीकडून भय. घाम डोळ्यांत गेला. पुसण्यास हात मोकळा नव्हता. कुटुंबाने पदराने पुसला.

आणि मग तिने ती गोष्ट केली जी सनदेत नव्हती, नियमावलीत नव्हती, आणि ठाण्याच्या सत्तर वर्षांच्या दप्तरात एकदाही नमूद नव्हती. सेक्रेटरींकडे वळून तिने साधेपणाने पुसले, "भाऊ, तुम्ही हे कसं उतरवायचा हो?"

सेक्रेटरींनी आधी साहेबांकडे पाहिले, की पुसले म्हणोन बोलावे काय. साहेबांनी मान हलविली.

"मी उतरवतच नव्हतो," सेक्रेटरी म्हणाले. "रिमोट बंद करायचो. तुटलं की ते आपोआप परत येतं. जिथून उठलं तिथेच येऊन बसतं."

"तुटलं म्हणजे?"

"म्हणजे याचा आणि त्याचा संबंध. रिमोट चालू असेपर्यंत ते वाट बघत थांबतं, हुकूम येईल म्हणून. सोडून दिलं की घरी येतं. सकाळपासून हेच सांगायला तोंड उघडतोय मी."

साहेब नियमावलीची पाने उलटू लागले, परंतु हुकूम न देण्याचे कलम कोठे सापडेना.

नोंदबहाद्दर म्हणाले, "सोडून द्यायचं? आणि नाही आलं तर? कुणाच्या डोक्यात पडलं तर?"

कुटुंब म्हणाले, "अहो, दोन वर्षं मी तुम्हाला हेच सांगतेय."

"मी ड्रोनचं बोलतोय."

"मी पण," ती म्हणाली. परंतु ती ढगांकडे पाहत होती.

बारा वाजून बावीस मिनिटे. साहेबांनी टॉवरला फोन लाविला, कारण सनदेत तैसे होते, आणि पुसले की यंत्र माघारी बोलावीत आहो, ठाण्याच्या अंगणात उतरेल, चालेल काय. बाई म्हणाल्या, "माझ्या वाटेतून काढा, मग अंगणात उतरवा नाहीतर तुमच्या मांडीवर." हे टॉवरचे फर्मान समजून साहेबांनी नोंदबहाद्दरांस मानेने खूण केली.

नोंदबहाद्दरांनी सव्वीस वर्षांत चालू वस्तू पुष्कळ बंद केल्या होत्या, परंतु ही कळ त्यांच्या अंगठ्यास जड गेली. त्यांनी डोळे मिटले आणि दाबिली. रिमोटचा दिवा मालवला.

वर यंत्र तैसेच. एक, दोन, तीन, चार. एक शिपाई जाळे टाकून पळाला. पाच, सहा. मग यंत्राने आकाशात जागच्या जागी गिरकी घेतली, नाक ठाण्याकडे केले, आणि या सर्व फौजेच्या डोक्यांवरून, जणू तिची ओळखच नाही, ऐसे निघाले.

जीप त्यामागे सुटली. यंत्र वरून सरळ, जीप खालून वळणावळणाने, आणि रंगारी सायकलवरून जीपच्या पुढे. ठाण्याच्या अंगणात पोहोचतात तो यंत्र चौकोनावर थबकलेले होते आणि खाली पाहून विचार करीत असल्यासारखे दिसे. मग हळूहळू उतरले आणि खडूच्या चौकोनात, रेषेस कोठे न शिवता, बसले. पंखे थांबले. नोंदबहाद्दरांनी कोपरे वाकून तपासिले. ज्या जागी ठेविले होते त्याच जागी होते, केवळ तोंड दुसरीकडे होते, रुसल्यासारखे.

बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी टॉवरला कळविले. बारा वाजून अडतीस मिनिटांनी ठाण्याचे पत्रे थरथरले आणि विमानाचे पोट डोक्यावरून गेले. कुटुंबाने डबे काखेत धरिले, चपलेत पाय सरकविला आणि साहेबांस म्हणाली, "आता जीप."

येथे लढाई संपली ऐसे अडाणी मनुष्य म्हणेल. कागदाची लढाई तेव्हा सुरू जाहली. कारण सनदेप्रमाणे परवान्याविना विमानतळाशेजारी यंत्र उडविणारा सापडला होता, त्याची जबानी घेणे प्राप्त होते, आणि ती संपेपर्यंत त्याने ठाणे सोडणे नाही. आणि त्या ठाण्यात जबानी लिहिण्याचे काम नोंदबहाद्दरांचे. साहेबांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडिल्या. नोंदबहाद्दर एकीवर बसून प्रश्न लिहीत, मग दुसरीवर जाऊन उत्तर देत, मग परत येऊन ते लिहीत. दुसऱ्या पानावर साहेबांनी दया येऊन एकाच खुर्चीत बसण्याची मुभा दिली. म्हणोन विमानतळास कुटुंब एकटेच गेले.

सव्वा वाजता ठाण्याच्या दारात लेक उभी राहिली. केस आखूड केले होते, पाठीवर पिशवी. बाप उठू लागला तो साहेब खाकरले, कारण सही बाकी होती. मग लेकच बाकावर येऊन बसली आणि तिने डबा उघडला.

"आई म्हणाली तुम्हाला अटक झालीय."

"अटक नाही. चौकशी चालू आहे."

"कोण करतंय?"

"मीच."

तिने एक घास खाल्ला. मग फोन काढून पुढे धरिला. "बाबा, उतरल्यावर फोन चालू केला तर तुमचे सतरा मिस्ड कॉल. विमानात फोन बंद असतो."

"माहीत आहे."

"मग कशाला करत होतात?"

नोंदबहाद्दरांनी टाक खाली ठेविला. "चालू आहे का बंद, बघत होतो."

लेक हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला, आणि कुटुंबाने तिच्या पाठीवर थापटिले, आणि साहेबांनी खास स्वतःच्या मडक्यातील पाणी मागविले. मग जबानीचे तिसरे पान लेकीने वाचिले, चौथे तिनेच लिहून घेतले, कारण पुसणारा व सांगणारा एकच असणे तिला पटेना. ती पुशी आणि बाप सांगे. यंत्र का सोडिले? रकाना भरण्यासाठी. परत आणण्याचा प्रयत्न केला काय? केला, म्हणोनच ते आले नाही. ऐसे प्रश्न विचारिता विचारिता पुढचे प्रश्न प्रकरणाबाहेरचे निघू लागले, आणि बापानेही, फोन ठेवण्याची घाई नसल्यामुळे, उत्तरे ऐकून घेतली. तिची खोली कैशी आहे, खिडकीतून काय दिसते, कोण मैत्रीण, कोणाशी भांडण, हे त्यांनी दोन वर्षांत पुसलेच नव्हते. सेक्रेटरी अर्ज घेऊन ताटकळत होते, तेही ऐकू लागले.

निकाल ऐसा जाहला की पहिलाच गुन्हा व हेतू शुद्ध म्हणोन आरोपीस समज द्यावी. समज देण्याचे काम कोणाचे यावर नियमावली मौन होती, ते साहेबांनी आपल्याकडे घेतले आणि ध्वनिवर्धकावरून समज दिली. रंगारी अंगणातच होता, त्याने पुन्हा हात वर केले. यंत्र सेक्रेटरींस परत दिले, ऐशा शर्तीवर की टाकी पाहण्यास जिना चढावा. सेक्रेटरींनी दम्याचे औषध दाखविले. मग दर दिवशी एका शिपायाने वर जाऊन कॉक बंद करावा ऐसा तह ठरला, जो अद्याप पाळला जातो.

पावणेतीनास लेक निघाली. दारात बापाने तोंड उघडिले, कुटुंबाने त्याजकडे पाहिले, बापाने तोंड मिटले. लेक म्हणाली, "पोचले की करते." साडेतीनला पत्रे थरथरले.

त्यापुढील पावणेतीन तास नोंदबहाद्दरांनी कैसे काढिले हे लिहिण्यास लेखणी धजत नाही. फोन टेबलावर पालथा घातला. त्यावर जप्त मालाची वही ठेविली. वहीवर कुलूप ठेविले. चार वाजता वही उचलून राहून गेलेला चौथा रकाना भरिला, तो ऐसा: चालू. स्वहस्ते उडवून पाहिले. सोडून दिल्यावर परत आले. मग वही पुन्हा जागी ठेविली. पाच वाजता एकदा हात पुढे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने मागे आणिला. कुटुंब बाकावर बसून रिकामा डबा पुसत होते आणि पाहत नव्हते.

सहा वाजून चौदा मिनिटांनी वही गुणगुणू लागली.

येणेकरून सर्व थोरांस विदित व्हावे की त्या दिवशी आकाश मोकळे राहिले, विमाने सुखरूप उतरली व उडाली, कोणाचे डोकीस इजा जाहली नाही, टोपी एक गेली, ती किल्लीवाल्यास भरून देण्याचा विचार चालू आहे. फत्ते कोणाची म्हणाल तर साहेब नियमावलीची म्हणतात, सेक्रेटरी आपली म्हणतात, आणि कुटुंब काही म्हणत नाही. डायरीत त्या दिवसाच्या अखेरीस, चहाच्या डागाखाली, नोंदबहाद्दरांच्या अक्षरात एक ओळ आहे: "सहा चौदा. लेकीचा फोन. आपणहून." त्याखाली त्यांनी ठाण्याचा शिक्का मारिला आहे. कुटुंबाने पुसले की यास शिक्का कशाला. तर म्हणाले, नोंद आहे, पक्की पाहिजे.